सोयाबीन खरेदीचा प्रक्रिया-नकाशा संगणकावर प्रत्यक्ष चालता कसा करावा

शेतकरी उत्पादक कंपनीच्या कार्यालयात खरेदीची प्रक्रिया दाखवणारी एक आकृती बहुधा भिंतीवर लावलेली असते. नोंदणी, टोकन, प्रत तपासणी, वजन, गोदाम, चुकारा असे सहा चौकोन, त्यांना जोडणारे बाण, आणि तपासणीनंतर ‘माल योग्य’ व ‘माल अयोग्य’ अशा फुटलेल्या दोन वाटा. संचालक मंडळाला किंवा नव्या कर्मचाऱ्याला काम समजावून सांगायला एवढे पुरते. मात्र हीच आकृती संगणकाच्या हाती देऊन तिच्याप्रमाणे काम पुढे न्यायला सांगितले, तर ती पहिल्याच कास्तकारापाशी अडेल. चौकोनांच्या मधले जे काही ग्रेडर, मापारी आणि दिवाणजी स्वतःच्या अनुभवाने भरून काढत असतात, ते त्या आकृतीत कुठेच लिहिलेले नसते. यवतमाळ, वाशीम, अमरावतीच्या सोयाबीन पट्ट्यातील खरेदी केंद्र डोळ्यांसमोर ठेवून, हे न लिहिलेले कसे शोधावे आणि चालत्या प्रक्रियेत कसे बसवावे, हे या लेखात क्रमाने मांडले आहे.

यासाठीची सर्वमान्य चिन्हभाषा म्हणजे बीपीएमएन (बिझनेस प्रोसेस मॉडेल अँड नोटेशन). तिची २.० ही आवृत्ती ऑब्जेक्ट मॅनेजमेंट ग्रुप या संस्थेने २०११ मध्ये स्वीकारली आणि २०१३ मध्ये ती आयएसओ १९५१० या नावाने आंतरराष्ट्रीय मानक झाली. आधीच्या आवृत्त्यांचा भर आकृतीवर होता, २.० मध्ये प्रत्येक चिन्हाने चालताना कसे वागायचे तेही ठरवले गेले आणि आकृती एक्सएमएल (संगणकाला वाचता येणाऱ्या मजकुराच्या) फाइल म्हणून साठवण्याची पद्धत निश्चित झाली. ही फाइल वाचून प्रक्रिया चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला प्रोसेस इंजिन म्हणतात. फ्लोएबल, कॅमुंडा, जेबीपीएम ही त्यांतली परिचित नावे असून फ्लोएबलचे मूळ इंजिन अपाचे परवान्याखाली मुक्तपणे वापरता येते. इंजिन प्रत्येक प्रकरणासाठी जणू एक सोंगटी पटावर ठेवते आणि नियमांप्रमाणे एकेका घरातून पुढे सरकवते. ही सोंगटी कुठे थांबते, कशाने हलते आणि तिच्या दोन सोंगट्या कधी होतात, एवढे नीट कळले की पुढचे बरेचसे काम सोपे होते.

पहिली पायरी: ‘एक प्रकरण’ म्हणजे काय, हे ठरवा

ही पायरी बहुतेक ठिकाणी घाईत उरकली जाते आणि पुढची निम्मी गुंतागुंत इथूनच सुरू होते. भिंतीवरच्या आकृतीत ‘वजन’नंतर ‘गोदाम’ येते, त्यामुळे सगळा प्रवास एकाच मालाचा आहे असे वाटते. प्रत्यक्षात वजनापर्यंतचे काम एका कास्तकाराच्या एका खेपेचे असते, तर गोदामाकडे जाणाऱ्या ट्रकमध्ये अनेक कास्तकारांचे कट्टे एकत्र भरलेले असतात, आणि एखाद्याचा माल दोन ट्रकांत विभागूनही जातो. गोदामाची पावती ट्रकच्या नावे येते आणि चुकारा कास्तकाराच्या नावे निघतो. एकाच प्रक्रियेत हे दोन्ही कोंबले, तर कोणाचा चुकारा कोणत्या पावतीवर अवलंबून आहे हे इंजिनाला कधीच कळणार नाही.

म्हणून दोन स्वतंत्र प्रक्रिया काढाव्यात. पहिलीत एक टोकन म्हणजे एक प्रकरण: एक कास्तकार, एक पीक, एक खेप. दुसरीत एक ट्रक म्हणजे एक प्रकरण. ट्रक भरताना त्यातल्या प्रत्येक कट्ट्याच्या टोकनाचा क्रमांक नोंदवायचा आणि गोदामाची पावती आली की ट्रकच्या प्रक्रियेने त्या त्या टोकनाच्या प्रक्रियेला संदेश पाठवायचा. इंजिन टोकन क्रमांकावरून नेमके प्रकरण ओळखते आणि थांबलेली सोंगटी पुढे सरकवते. माल दोन ट्रकांत गेला असेल, तर दोन्ही संदेश येईपर्यंत थांबायचे की जेवढ्याची पावती आली तेवढ्याचा चुकारा काढायचा, हा निर्णय संगणकवाल्याचा नसून संचालक मंडळाचा आहे. तो ठरावात लिहून घ्यावा.

दुसरी पायरी: केंद्रावर उभे राहून न काढलेल्या वाटा शोधा

कार्यालयात बसून घेतलेल्या मुलाखतींत लोक नियम सांगतात. केंद्रावर ते काम करताना दिसतात. सोयाबीनच्या हंगामात सकाळी आलेल्या मालात ओलावा जास्त निघणे ही रोजची गोष्ट आहे. ग्रेडर कट्ट्यात टोचून नमुना काढतो, मॉइश्चर मीटरमध्ये टाकतो, आकडा १३.४ येतो आणि तो कट्ट्यावर खडूने खूण करून “वाळवून आणा” असे सांगतो. आकृतीप्रमाणे इथे ‘माल अयोग्य’ ही वाट संपते. पण कास्तकार परत जात नाही. भाड्याने आणलेली गाडी परत नेण्याचा खर्च त्याला परवडत नाही, म्हणून तो आवारातच ताडपत्री अंथरून सोयाबीन पसरतो, दुपारभर पायाने वरखाली करतो आणि चार वाजता ग्रेडरला पुन्हा हाक मारतो. नवे टोकन नसते, नवी नोंद नसते. खडूची खूण पुसली की तोच माल काट्यावर चढतो.

ही वाट आकृतीत नसेल, तर चालत्या प्रक्रियेत त्या कास्तकाराचे प्रकरण सकाळीच ‘नाकारले’ म्हणून बंद होईल आणि संध्याकाळी काट्यावर उभ्या असलेल्या मालाची संगणकात नोंदच नसेल. मग दिवाणजी खोटे टोकन काढून काम भागवेल आणि दोन आठवड्यांत संगणकातील नोंदींवरचा सर्वांचा विश्वास उडेल. म्हणून प्रत्येक चौकोनापाशी उभे राहून चार प्रश्न विचारावेत: हे काम कोण करतो, त्याच्या हातात कोणती माहिती असते, काम झाल्याचे कशावरून समजते, आणि काम बिघडले तर लोक आज काय करतात. चौथ्या प्रश्नाचे उत्तर मिळायला वेळ लागतो. नियमाबाहेर केलेले काम सांगायला माणसे बिचकतात, तेव्हा हे चौकशीसाठी विचारत नसल्याचे आधी स्पष्ट सांगावे.

अशा आणखी वाटा निघतील. सातबारा वडिलांच्या नावे आणि बँक खाते मुलाचे. वावर मक्त्याने केलेले, त्यामुळे ई-पीक पाहणीतली नोंद एकाची आणि माल दुसऱ्याचा. टोकन दहा क्विंटलचे आणि गाडीत बारा क्विंटल. त्या सगळ्या वाटा पहिल्याच आवृत्तीत स्वयंचलित करू नयेत. नेहमीच्या वाटा आकृतीत घ्याव्यात आणि उरलेल्यांसाठी ‘व्यवस्थापकाकडे निर्णयासाठी’ अशी एकच मानवी वाट ठेवावी. तिथे किती प्रकरणे साचतात आणि कशामुळे साचतात, यावरून पुढच्या हंगामात काय घालायचे ते आपोआप ठरते.

तिसरी पायरी: प्रत्येक चौकोनाला प्रकार द्या

साध्या आकृतीत सगळे चौकोन सारखे असतात, इंजिनासाठी तसे चालत नाही. माणसाने पडद्यावर काहीतरी भरायचे असेल तर ‘युजर टास्क’, दुसऱ्या प्रणालीला विनंती करायची असेल तर ‘सर्व्हिस टास्क’, नियमांचा तक्ता तपासायचा असेल तर ‘बिझनेस रूल टास्क’, आणि बाहेरून येणाऱ्या वार्तेसाठी थांबायचे असेल तर ‘रिसीव्ह टास्क’ किंवा संदेशाची घटना. ‘मॅन्युअल टास्क’बाबत विशेष सावध राहावे. हमालाने कट्टे उतरवणे हे खरोखरच हाताने होणारे काम असल्यामुळे तो प्रकार निवडण्याचा मोह होतो. पण इंजिन त्या चौकोनापाशी थांबतच नाही, काम झाले असे धरून सोंगटी थेट पुढे नेते. कट्टे उतरेपर्यंत खरोखर थांबायचे असेल, तर कोणीतरी ‘उतरले’ असे नोंदवणारे युजर टास्कच हवे.

युजर टास्क देताना व्यक्तीचे नाव न टाकता गट टाकावा, म्हणजे एक ग्रेडर रजेवर गेला तरी दुसरा काम उचलू शकतो. एका बाबतीत मात्र बंधन हवे: ज्याने प्रत ठरवली किंवा वजन नोंदवले, त्यानेच चुकाऱ्याला मंजुरी देऊ नये. हे बंधन तोंडी सांगून भागत नाही. काम उचलणाऱ्याचे नाव आधीच्या नोंदीतील नावांशी ताडून पाहणारी तपासणी प्रक्रियेतच घालावी.

चौथी पायरी: माहितीला नेमके रूप द्या

आकृतीत ‘वजन’ एवढाच शब्द असतो. चालवताना भरलेले वजन, बारदान्याचे वजन, निव्वळ वजन, कट्ट्यांची संख्या आणि वजनाची वेळ अशी पाच वेगळी मूल्ये लागतात, आणि त्यांपैकी निव्वळ वजन माणसाने न भरता संगणकानेच काढायचे असते. पैशाच्या हिशोबात दशांश अपूर्णांक साठवणे टाळावे. संगणकाच्या दशांशांत सूक्ष्म चुका राहतात आणि हिशोबपट्टीवर पैशापैशाचा फरक दिसू लागतो. काटा किलोपर्यंत वजन दाखवत असेल तर सोपी सोय आहे: क्विंटलचा रुपयांतील दर हाच किलोचा पैशांतील दर असतो. २०२५-२६ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता, म्हणजे किलोला ५,३२८ पैसे. १,८४० किलो मालाचे ९८,०३,५२० पैसे होतात, आणि पट्टीवर छापताना तेवढे ९८,०३५ रुपये २० पैसे करायचे.

आधार क्रमांक, सातबाऱ्याची प्रत, बँक खाते यांसारखी माहिती प्रक्रियेच्या चलांमध्ये, म्हणजे प्रकरणासोबत इंजिनात फिरणाऱ्या मूल्यांमध्ये, ठेवू नये. इंजिन जुनी मूल्ये इतिहासाच्या तक्त्यांत जपून ठेवते आणि ती नंतर शोधून पुसणे कठीण असते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा विचार करता, सभासदांची माहिती स्वतंत्र नोंदवहीत ठेवून प्रक्रियेत फक्त सभासद क्रमांक फिरवणे हाच सुरक्षित मार्ग आहे.

पाचवी पायरी: निर्णय आकृतीतून बाहेर काढा

‘माल योग्य आहे का?’ या प्रश्नामागे ओलावा, काडीकचरा, डागी व फुटके दाणे अशा अनेक कसोट्या असतात. त्या सगळ्या बाणांवर लिहिल्या, तर आकृती वाचण्याजोगी राहत नाही आणि नियम बदलला की पूर्ण प्रक्रिया इंजिनावर नव्याने चढवावी लागते. त्यासाठी २०१५ पासून डीएमएन (डिसिजन मॉडेल अँड नोटेशन) नावाचे निर्णयतक्त्यांचे वेगळे मानक उपलब्ध आहे. तक्त्याच्या डाव्या बाजूला अटी, उजव्या बाजूला निष्कर्ष आणि प्रत्येक ओळ म्हणजे एक नियम, इतकी साधी त्याची रचना असते. तो व्यवस्थापकाला आणि ग्रेडरलाही वाचता येतो.

या विभागणीचे मोल विदर्भाने अनुभवले आहे. सोयाबीनच्या हमीभाव खरेदीतील ओलाव्याची मर्यादा १२ टक्के असताना, २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये म्हणजे ऐन खरेदी सुरू असताना केंद्र सरकारने त्या हंगामापुरती ती १५ टक्क्यांपर्यंत शिथिल केली. मर्यादा तक्त्यात असेल तर एक ओळ बदलून काम होते. सहा ठिकाणच्या बाणांवर पसरलेली असेल, तर पाच बदलल्या जातात आणि सहावी राहून जाते.

तक्ता लिहिताना सीमारेषांकडे लक्ष द्यावे. ‘१२ पेक्षा कमी’ आणि ‘१२ पेक्षा जास्त’ अशा दोनच ओळी असतील, तर मीटरवर नेमका १२.० आकडा आलेल्या कास्तकाराला तक्त्यात जागाच उरत नाही. ‘१२ किंवा कमी’ असे स्पष्ट लिहावे, आणि एका मालाला एकच ओळ लागू व्हावी यासाठी तक्त्याचे धोरण ‘युनिक’ ठेवावे, म्हणजे दोन ओळी एकावर एक आल्या तर इंजिन चूक दाखवते. आकृतीत जिथे वाटा फुटतात किंवा एकत्र येतात त्या चिन्हाला गेटवे म्हणतात. गेटवेतून निघणाऱ्या वाटांपैकी एक ‘डिफॉल्ट’ म्हणून ठरवावी; कोणतीच अट खरी ठरली नाही आणि डिफॉल्ट वाट नसेल, तर प्रकरण तिथेच बंद पडते.

एक आग्रह इथे मांडावासा वाटतो. ग्रेडरने मीटरवरचा आकडा आधी भरावा आणि निष्कर्ष नंतर पडद्यावर यावा. निष्कर्ष आधी निवडू देऊन आकडा नंतर मागितला, तर आकडा निष्कर्षाला जुळवून भरला जातो, आणि माल परत नेणाऱ्या कास्तकाराला कारण दाखवण्याची शक्यताच संपते.

सहावी पायरी: थांबणे आणि मुदत

वाळवणीच्या वाटेसाठी ‘घटनेवर आधारित गेटवे’ वापरावा. सोंगटी तिथे थांबते आणि पुढील तिघांपैकी जे आधी घडेल त्या वाटेने जाते: कास्तकाराने फेरतपासणी मागितली, त्याने माल परत नेला, किंवा ठरलेली वेळ संपली. फेरतपासणीची वाट पुन्हा नमुना काढण्याच्या कामावर येऊन मिळते. किती वेळा फेरतपासणी द्यायची याची मर्यादा मोजणीसह लिहावी. प्रत्येक फेरतपासणीला त्या क्षणी लागू असलेला तक्ता वापरावा, म्हणजे दुपारी मर्यादा शिथिल झाली तर सकाळी थांबलेल्या कास्तकारालाही तिचा लाभ मिळतो.

मुदत आयएसओ ८६०१ पद्धतीने लिहिली जाते. ४८ तासांसाठी ‘पीटी४८एच’. या पद्धतीत कामाचे दिवस, बँकेच्या सुट्ट्या किंवा पोळ्याचा बंद मोजता येत नाही, म्हणून ‘तीन कामाचे दिवस’ अशी अट असेल तर सुट्ट्यांच्या यादीवरून नेमकी तारीख आधी काढून तीच मुदतीत घालावी. चौकोनाच्या कडेवर बसवायची घड्याळे दोन प्रकारची असतात. एक काम तोडून सोंगटी दुसरीकडे नेते, दुसरे काम चालू ठेवून फक्त आठवण पाठवते. गोदामाच्या पावतीला उशीर झाला म्हणून व्यवस्थापकाला कळवायचे असेल, तर दुसऱ्या प्रकारचे घड्याळ हवे. पहिले लावले तर पावतीची वाट पाहणेच बंद होईल.

सातवी पायरी: चुकारा

इथे चूक झाली तर ती थेट कोणाच्या तरी घरात पोचते, म्हणून या पायरीला सर्वाधिक वेळ द्यावा.

पहिला धोका दुहेरी चुकाऱ्याचा. वजनानंतर पट्टी छापणे आणि माल ट्रकसाठी रचणे ही कामे समांतर चालावीत म्हणून समांतर गेटवे घालतात, तेव्हा एका सोंगटीच्या दोन होतात. पुढे त्या एकत्र आणताना समांतर गेटवेऐवजी साधा गेटवे वापरला, तर तो थांबत नाही. प्रत्येक सोंगटी स्वतंत्रपणे पुढे जाते आणि चुकाऱ्याचे काम दोनदा सुरू होते. याच्या उलट, अटीवर फुटलेल्या वाटा समांतर गेटवेने जोडल्या तर तो दुसऱ्या सोंगटीची वाट पाहत राहतो, ती येतच नाही, आणि चुकारा कायमचा अडकतो. कागदावर या दोन्ही आकृत्या जवळपास सारख्याच दिसतात.

दुसरा धोका पुन्हा प्रयत्न करण्याचा. पार्श्वभूमीत (‘असिंक’) चालणारे सर्व्हिस टास्क फसले की फ्लोएबलसारखी इंजिने मुळातच ते काम तीन वेळा करून पाहतात. बँकेला विनंती गेली, रक्कम निघाली, पण उत्तर परत येण्याआधी नेट गेले, तर इंजिनाला ते अपयशच वाटते. म्हणून प्रत्येक चुकाऱ्याला टोकनावरून बनवलेला एकच कायमचा संदर्भ क्रमांक द्यावा आणि पुन्हा पाठवण्यापूर्वी त्या क्रमांकाची स्थिती बँकेकडे विचारणारे वेगळे काम ठेवावे. स्थिती कळत नसेल तर स्वयंचलित प्रयत्न थांबवून प्रकरण माणसाकडे द्यावे.

तिसरी गोष्ट, ‘पाठवले’ आणि ‘जमा झाले’ या दोन अवस्था वेगळ्या ठेवाव्यात. एनईएफटी ही बँकेतून बँकेत पैसे पाठवण्याची सोय १६ डिसेंबर २०१९ पासून चोवीस तास आणि सुट्टीच्या दिवशीही चालते, तिचे व्यवहार अर्ध्या तासाच्या गटांत होतात, आणि खाते क्रमांक चुकीचा असल्यास लाभार्थीच्या बँकेने त्या गटाच्या निपटाऱ्यानंतर दोन तासांत रक्कम परत पाठवायची असते. म्हणजे परतीची वार्ता ही नंतर येणारी वेगळी घटना आहे. ती ऐकण्यासाठी प्रक्रिया थांबलेली हवी. ‘पाठवले’ म्हणताच प्रकरण बंद केले, तर परत आलेली रक्कम कंपनीच्या खात्यात पडून राहील आणि कास्तकार केंद्रावर चकरा मारत राहील.

आठवी पायरी: वीज आणि नेट जाईल असे गृहीत धरा

इंजिन केंद्रावरच्या संगणकावर न ठेवता भरवशाच्या सर्व्हरवर ठेवावे. केंद्रावर असे फॉर्म असावेत जे नेट नसताना नोंद जागेवरच साठवतात आणि नेट आल्यावर पाठवतात. प्रत्येक नोंदीत काम झाल्याची वेळ आणि नोंद पोचल्याची वेळ दोन्ही असाव्यात आणि मुदतीचे निर्णय पहिल्या वेळेवर व्हावेत. तीच नोंद दोनदा पोचली, तर दुसरी दुर्लक्षिली जाईल अशी तपासणी ठेवावी. कागदी काटापट्टीचे पुस्तक कपाटात असू द्यावे. तिचे क्रमांक संगणकात नोंदवता आले पाहिजेत.

नववी पायरी: चाचणी आणि चढवणे

चाचणीला संगणकशास्त्रज्ञ विल व्हॅन डर आल्स्ट यांनी १९९० च्या दशकात मांडलेल्या तीन कसोट्या आजही उपयोगी पडतात: प्रत्येक प्रकरण कुठूनही शेवटापर्यंत पोचू शकले पाहिजे, शेवटाला पोचल्यावर मागे एकही सोंगटी उरता कामा नये, आणि कधीच चालणार नाही असा एकही चौकोन नसावा. त्यानंतर खरी माणसे बसवावीत. ग्रेडरने १२.० भरून पाहावे, मापाऱ्याने काटापट्टी अर्धवट सोडून पाहावी, दिवाणजीने चुकाऱ्याच्या मधोमध राउटर बंद करून पाहावा.

प्रक्रिया चढवताना एक्सएमएलमधील ‘इझएक्झिक्युटेबल’ (ही प्रक्रिया चालवायची आहे असे सांगणारा) हा गुणधर्म खरा केलेला आहे ना, हे बघावे. आकृती अचूक असूनही हा राहून गेल्यामुळे इंजिन ती चालवायला घेत नाही. हंगामात बदल केला तर नवी टोकने नव्या आवृत्तीवर सुरू होतात आणि आधीची जुन्याच आवृत्तीवर पूर्ण होतात. चालू प्रकरणे नव्या आवृत्तीवर हलवण्याची सोय इंजिनात असते, पण चुकाऱ्याच्या टप्प्यातील प्रकरणे शक्यतो हलवू नयेत. सुरुवात एकाच केंद्रावर आणि आवक कमी असताना करावी. पहिले काही दिवस रोज संध्याकाळी कागदी पुस्तकातील निव्वळ वजनाची बेरीज संगणकातील बेरजेशी जुळवावी, अडकलेल्या प्रकरणांची यादी व्यवस्थापकासमोर ठेवावी, आणि ज्या टोकनाची काटापट्टी निघाली पण चुकारा सुरू झाला नाही, त्या प्रत्येक कास्तकाराला दुसऱ्या दिवशी सकाळी फोन करून कारण सांगावे.